पाठुंगळी

सकाळी आत्या मेली तेव्हा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तिला एक बटण दिसलं. हिरवं, गोल, आत वर जाणारा बाण. मरण तिला नवं नव्हतं. खेळाचे नियम रचणं हे तिचं काम, आणि आपण रचलेल्या खेळात माणसानं रोज एकदा तरी मरून पाहावं असं तिचं मत होतं. भाजी करणारीनं मीठ चाखून बघावं तसं. म्हणून कचेरीत आल्यावर पिशवी खुर्चीला अडकवायची, चहाचा कप हाताशी ठेवायची, आणि दिवसाचं पहिलं काम म्हणून मरायची. कधी कड्यावरून उडी टाकून, कधी ड्रॅगनच्या तोंडी जाऊन, कधी नुसतीच धुक्यात उभी राहून. मेल्यावर पडदा राखाडी व्हायचा, वर आभाळाचा एक तुकडा उरायचा, आणि ती पडून राहायची. कुणीतरी येऊन पाठुंगळीला घेईपर्यंत मेलेल्यानं काही म्हणजे काही करायचं नाही, हा नियम तिनंच घातला होता. त्या पडून राहण्यात तिला एक सुख होतं. दिवसभरात दुसरीकडं कुठंच कुणी तिला स्वस्थ पडू देत नसे. आज त्या आभाळाच्या तुकड्याखाली हे हिरवं बटण दिव्यासारखं लुकलुकत होतं. तिनं हातातला कप खाली ठेवला. मग राग आला. स्वच्छ, सरळ राग. कितीतरी दिवसांत असा आला नव्हता. कानामागून आलं आणि तिखट झालं, ती बटणाकडं बघत पुटपुटली.

कप्तान काचेच्या खोलीत उभ्या उभ्या फोनवर बोलत होता. कंपनी त्याची. वय आत्यापेक्षा बरंच कमी. कंपनीला तो ‘आपलं जहाज’ म्हणायचा, म्हणून तो कप्तान. फोन संपेपर्यंत ती दारात उभी राहिली.

“ते बटण कसलं?”

“उठायचं,” तो म्हणाला. “मेलं की दाबायचं, जागच्या जागी उभं राहायचं. काल संध्याकाळी पोरांनी बसवलं.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?”

“नाही.”

“म्हणून नाही विचारलं.”

याचं तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. कप्तान वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडण सोपं गेलं असतं. त्यानं तिला बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. दुपारी खेळ पहिल्यांदाच लोकांपुढं मांडायचा होता. मोठं सभागृह, पुढच्या रांगेत पैसा घालणारी मंडळी, मागं निवडक खेळाडू. मंचावर आत्यानं तिघा पाहुण्यांबरोबर खेळायचं होतं. ठरल्याप्रमाणं ड्रॅगन तिला मारणार, ती बटण दाबणार, झटक्यात उठून पुन्हा लढणार आणि टाळ्या पडणार. चाचणीला आलेल्या खेळाडूंतले कितीतरी जण मेल्यावर पडून राहायला कंटाळून खेळ सोडून गेले होते, हे तिलाही माहीत होतं.

“पाठुंगळी काढून नाही टाकलेली,” कप्तान म्हणाला. “आहे तशीच आहे. ज्याला हौस असेल तो उचलेल. बटण घाईतल्या लोकांसाठी.”

“बटण असल्यावर कोण कशाला उचलेल? जो पडून राहील तो मूर्ख ठरेल, आणि त्याच्यासाठी जो थांबेल तो शतमूर्ख. मी नाही दाबणार ते.”

“आत्या, जर समजा लोकांनी…”

“आत्याबाईला मिशा असत्या तर!”

हे तिचं नेहमीचं. बैठकीत कुणी ‘जर समजा’ म्हणून सुरुवात केली की ती ही म्हण तोंडावर मारायची, आणि त्यावरूनच पोरांनी तिचं नाव आत्या पाडलं होतं. एरवी यावर कप्तान हसायचा. आज हसला नाही. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, समोरच्या इमारतीच्या काचा पुसणारा माणूस दोरीवर लोंबकळत होता, त्याच्याकडं बघतच तो म्हणाला, “नाही दाबलंस तर उद्यापासून येऊ नकोस. मी रागानं नाही बोलत. खरंच सांगतोय. माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत.”

“बरं,” ती म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. पडद्यावर ती अजून मेलेलीच होती.

बरं म्हणणं सोपं असतं. बरं म्हटल्यानंतर पुढं काय करायचं हे कुणी शिकवत नाही. या वयात दुसरी नोकरी. नव्या पोरांपुढं नव्यानं आत्या होणं. आणि मुख्य म्हणजे हा खेळ दुसऱ्यांच्या हाती टाकून जाणं. तिनं खेळाकडं पाहिलं. ‘धुक्यापलीकडे’ हे त्याचं नाव. त्यातलं जग रोज थोडं थोडं धुक्यात बुडत जायचं. ज्या गावात दिवे लावायला खेळाडू उरले नाहीत ते गाव सकाळपर्यंत नाहीसं. परत मिळवायचं तर चारचौघांनी टोळी करून धुक्यात शिरायचं. टोळीत लोहार असायचा, वैद्य, तिरंदाज, वाटाड्या. एकट्यादुकट्याला काही जमू नये असं सगळं बेतलेलं. किल्ला बांधायचा तर दगडाला एकाच वेळी दोघांचे हात लागायला हवेत. ड्रॅगन होते, आभाळात लढाया होत्या, पाऊस बोलावण्याचे मंत्र होते, आणि लोक त्यावर भाळणार हेही खरं होतं. पण हे सगळं इतरांनी केलेलं. तिचं म्हणावं असं त्यात एकच होतं. मेलेल्याला जिवंतानं पाठुंगळीला घ्यायचं, दिवा लागलेल्या घरापर्यंत न्यायचं, आणि त्या घराचा उंबरा ओलांडला की मेलेला उठणार. उचलणाऱ्याला पळता येत नाही. हत्यार काढता येत नाही. धुक्यात जिवंत माणसाला हातापलीकडचं दिसत नाही, पण पाठीवर घेतलेल्या मेलेल्याला सगळं दिसतं. म्हणजे एकाकडं पाय, दुसऱ्याकडं डोळे. दोघं मिळून कसंबसं एक धड माणूस.

आणि बोलणं. ते मात्र तिनं केलेलं नव्हतं, ते चुकून झालं होतं. आवाजाचं काम बघणारा कानसेन. कुठल्या आवाजाला कुठवर जाऊ द्यायचं हे तो ठरवायचा. मेलेल्याचा आवाज सगळ्या टोळीला ऐकू जावा असं ठरलं होतं. कानसेनानं अंतर लिहिताना दशांशचिन्ह सरकवलं आणि मेलेल्याचा आवाज वीतभरापलीकडं जाईना. मेलेले कंठशोष करतायत आणि कुणालाच पत्ता नाही, असे कितीतरी दिवस गेले. सगळे समजून चालले की आत्यानं मेलेल्यांना मुकं केलंय. मग एकदा चाचणीला आलेल्या एका दांडग्या मुलानं मित्राला पाठीवर घेतलं, मित्र त्याच्या कानाशी “डावीकडं नको” म्हणाला, आणि तो मुलगा खुर्चीसकट मागं उलथला. कानसेन ओशाळून चूक सुधारायला निघाला होता. “हात लावलास तर खबरदार,” आत्या म्हणाली होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि कानसेनाला वाटलं होतं की ही रागावलीय.

कप्तानानं तिला तेव्हाही विचारलं होतं. हे तुला सुचलं कुठून? यामागं काही गोष्ट असेल तर सांग, जाहिरातीत घेऊ. लोकांना असलं आवडतं. “गोष्ट कसली,” ती म्हणाली होती, “पाठ धरली होती एकदा.” खोटं नव्हतं ते. पाठ खरोखरच धरली होती. पण आईला ती जाहिरातीत उभी करणार नव्हती. आईनं ते कधी सहन केलं नसतं. आई टेलिफोनच्या कचेरीत होती. जन्मभर तिनं कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांच्या कानात गोड आवाजात सांगितलं, थांबा, जोडून देते. आणि घरी आली की तोंडाला कुलूप. बोलणं सगळं कचेरीत संपवून यायची. आत्याला लहानपणी वाटायचं, आपण जर फोन केला तर ही आपल्याशी बोलेल. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं केलाही होता. पलीकडून आईचा तो गोड आवाज आला, कोण हवंय आपल्याला? आणि ती घाबरून खाली ठेवून पळत सुटली होती. वडलांचा विषय घरात नव्हता. ते होते, मग नव्हते. त्यांच्या जागी खुंटीवर छत्री टांगलेली असायची, तीही पुढं कुठं गेली कळलं नाही. मायलेकी एका घरात अशा राहिल्या की दोघींच्या चमच्यांचे आवाज एकमेकींना पाठ झाले होते, पण बोलणं म्हणजे गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का. आणि मग ती संध्याकाळ. आईचा श्वास अडकायला लागला, रुग्णवाहिका फाटकाशी येऊन थांबली, आणि नेमकी वीज गेली. लिफ्ट बंद. चौथा मजला. जिन्याला खिडकी नाही. खालचा माणूस फोनवर म्हणत होता, आणखी एक गडी बोलावतो, मग खुर्ची घेऊन वर येतो. आत्यानं फोन ठेवला आणि आईपुढं पाठ करून बसली.

“मी काय पोतं आहे?” आई म्हणाली होती.

“बस मुकाट्यानं.”

बसली. आईला शेवटचं कधी मिठी मारली होती हे आत्याला आठवत नव्हतं. बहुधा मारलीच नव्हती. आता एकदम सगळी आई तिच्या पाठीवर होती. तिची हाडं, तिच्या अंगाचा पावडरीचा वास, गळ्याभोवती बोटं, आणि कानाशी घरघरणारा श्वास. इतकी हलकी होती की आत्याचा जीव गलबलला, आणि तरी दुसरा मजला यायच्या आतच मांड्या थरथरायला लागल्या. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. पाय कुठं पडतोय कळेना. तेव्हा आई बोलायला लागली. आता वळण. आता सपाट. भिंतीकडून ये, कड तुटलीय पायरीची. जन्मभर त्या जिन्यानं चढउतार केलेल्या बाईला तो अंधारातही दिसत होता. आणि मग मधेच, कुठल्याशा वळणावर, तोच तो कचेरीतला गोड आवाज, पण खरखरलेला.

“टाच आपटत चालतेस. अगदी त्याच्यासारखी.”

आत्या थांबली होती. त्याच्यासारखी म्हणजे कुणासारखी, हे विचारायची गरज नव्हती. “वाईट?” तिनं विचारलं होतं.

“छे, चालणं छान होतं त्याचं. थांबणं जमलं नाही.” आणि आई हसली. पाठीवर हसणारं माणूस अंगभर जाणवतं. बरगड्या बरगड्यांना लागतात. मग खालपर्यंत आई बोलतच राहिली. कुठं भेटला, कसा बोलायचा, ती त्याची वाट किती दिवस बघत होती, आणि बघायची कधी थांबली. काही आत्याला कळलं, काही श्वासात गेलं. खाली त्या लोकांनी आईच्या तोंडाला नळी लावली आणि बोलणं संपलं. पुन्हा झालंच नाही. आठवड्याभरात आई गेली. आत्याच्या वाट्याला उभ्या जन्मात आईचं बोलणं आलं ते चार मजल्यांएवढं. लिफ्ट चालू असती तर तेही आलं नसतं. हे एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, आणि हे ठाऊक असणारी माणसं जगात फार नसतात असंही तिला वाटायचं. ती काही साधुसंत नव्हती. वीज जावी, लिफ्ट बंद पडावी असं तिला कुणासाठी वाटत नव्हतं. पण निदान एक जग असं असावं, खोटं का असेना, की जिथं माणसाला माणूस उचलल्याशिवाय गत्यंतर नाही. ते जग तिनं केलं होतं. आणि त्यात आता कुणीतरी लिफ्ट बसवली होती.

दुपारी सभागृहात तारा जोडताना कानसेन तिच्याजवळ आला. त्याला सगळं कळलं होतं. कचेरीत भिंतींना कान असतात, आणि त्यातले निम्मे त्याचे.

“मी एक करतो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तुझ्या यंत्रावरचं बटण निकामी करून ठेवतो. दाबलंस तरी चालायचं नाही. तुझ्यावर काही येणार नाही.”

तिला त्याच्याबद्दल माया दाटून आली. तरी ती म्हणाली, “नको रे. बटण चालू पाहिजे. बंद पडलेलं बटण न दाबण्यात कसला आलाय मोठेपणा?”

“आणि कुणी उचललंच नाही तर?”

तीच तर भीती होती. कुणी उचललं नाही, तर ती एवढ्या लोकांसमोर मेलेली पडून राहणार, आणि कप्तानाचं खरं ठरणार. मग नोकरी गेल्याचंही तिला फारसं वाटलं नसतं. आपण ज्याला जग समजत होतो तो एका बाईचा हट्ट होता, एवढंच ठरलं असतं.

दिवे मालवले. कप्तान हातात माइक घेऊन मंचावर फिरत बोलत होता आणि छान बोलत होता. धुक्यात बुडणारी गावं, दोघांनी उचलायचा दगड, पावसाचे मंत्र. लोक माना डोलवत होते. आत्याच्या एका बाजूला दोन कॉलेजातले मित्र बसले होते, बोटं कीबोर्डवर नाचवत. टोकाला एक स्थूल गृहस्थ, कानांवर हेडफोन आणि चेहऱ्यावर घाम. पास त्यांच्या मुलीचा होता, तिला ताप आला म्हणून तिनं बापाला पाठवलं होतं, सगळं बघून येऊन मला सांगा म्हणून. ते नुसते बघायला आले होते. चिठ्ठीत नंबर निघाला आणि मंचावर बसवले गेले. त्यांचा लोहार सुरुवातीपासून एका भिंतीला धडका देत होता आणि लोक हसत होते.

मग ड्रॅगन आला आणि आत्या मेली. पडदा राखाडी झाला. आभाळाचा तुकडा, आणि खाली ते हिरवं, गोल. “आणि आता बघा,” कप्तान म्हणाला, “मरण म्हणजे शेवट नव्हे!” सगळं सभागृह मोठ्या पडद्याकडं बघत होतं. आत्यानं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. कप्तान थांबला. “आता बघा,” तो पुन्हा म्हणाला. मग तिच्याजवळ येऊन, माइक बाजूला धरून, “दाब ना!” ती आभाळाकडं बघत राहिली. तिला वाटलं, आपलं काळीज मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात असणार. तिरंदाज तिच्या अंगावरून उडी मारून गेला. “त्या उठतील आपल्या आपण!” एक मित्र दुसऱ्याला ओरडून म्हणाला, आणि दोघं ड्रॅगनमागं धावले. बरोबरच होतं त्यांचं. बटण होतं ना. सभागृहात खुसखुस सुरू झाली. कुणीतरी शिट्टी घातली. मरा, तिनं मनात म्हटलं. मीही मेलेय, बघू कोण आधी कंटाळतं.

लोहारानं भिंतीला आणखी एक धडक दिली, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि तो चालायला लागला. सरळ नाही, एकदा पुढं गेला, परत आला, दगडाला अडला. लोक हसले. तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला आणि तसाच राहिला. आत्यानं श्वास रोखला. टोकाला बसलेले गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून एकेक कळ वाचत होते. मग तिचं आभाळ हललं. जमीन खाली गेली, आणि तिच्यापुढं एका अनोळखी माणसाची मान आली, रुंद, धुक्यानं ओलसर.

“ऐकू येतंय का हो?” कानाशी आवाज आला, अवघडलेला, धाप लागल्यासारखा. खेळात धाप लागत नाही. ती त्या गृहस्थांची स्वतःची होती. “मला यातलं काही कळत नाही. पण पडलेल्या माणसाला असं टाकून कसं जायचं?”

“उजवीकडं वळा,” ती म्हणाली. “समोर खड्डा आहे.”

“तुम्हाला दिसतंय?”

“मेल्यावर दिसतं.”

“बरंय,” ते म्हणाले आणि वळले.

सभागृहाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. लोकांना फक्त मोठ्या पडद्यावर धुक्यातून एक लोहार पाठीवर बाई घेऊन अगदी सावकाश चालताना दिसत होता. खुसखुस कधी थांबली कळलं नाही. दूरवर दिवा लागलेलं एक घर होतं, आणि मागं ड्रॅगन वळत होता. कप्तान माइक हातात धरून उभा होता. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. ते त्याला दिसलं. तो वाकला, आणि त्याचा हात तिच्या खांद्यावरून पुढं, त्या बटणाच्या कळीकडं गेला.

आत्यानं त्याचं मनगट धरलं. आईच्या मांड्यांखाली गुंफलेल्या हातांत त्या संध्याकाळी होती तेवढीच ताकद आता तिच्या बोटांत होती, आणि ती बोटं सुटणार नव्हती. “सोड,” तो कुजबुजला. “हात लावू नकोस,” ती म्हणाली. कुजबुजली नाही. त्याच्या हातातल्या माइकनं ते शब्द उचलले आणि शेवटच्या रांगेपर्यंत नेले. “मी पडलेली नाहीये आता. मला कुणीतरी उचललंय.”

तिच्या हेडफोनमधला पावलांचा आवाज थांबला.

“मला म्हणताय?” तो आवाज घाबरून म्हणाला. “चुकलं का माझं? खाली ठेवू?”

“तुम्हाला नाही हो,” आत्या म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. “तुम्ही चाला. घर अजून बरंच लांब आहे.”